शेवटाला ठेवलेला चेहरा

सगळी गल्ली तिला मेणमावशी म्हणे, कारण तिच्या घरी गॅसवर जेवणापेक्षा मेणाचं पातेलंच जास्त वेळ असायचं. मावशी बाटिक करायची. कापडाचा जो भाग रंगापासून वाचवायचा त्यावर ब्रशने गरम मेण लावायचं, कापड रंगात बुडवायचं आणि मग मेण उकळून काढायचं. मेण लागलं तिथे रंग शिरत नाही. लावायचं राहिलं तिथे शिरतो तो कायमचाच. फुलं-पानं, मोर-हत्ती कुणी मागितले तर ती करून द्यायची, पण नाक मुरडत. तिचा जीव होता बायकांच्या जुन्या फेराच्या नाचात.

स्वतः मात्र ती कधी फेरात उतरली नाही. ‘माझा ताल पायात नाही, मनगटात आहे,’ म्हणायची. पायातला ताल होता थोरल्या जावेचा. ती पुढे आली की फेराला जीव यायचा. लग्न होऊन आली तेव्हापासून मावशी तिचा नाच डोळ्यांनी पीत आली होती.

आणि त्याच नाचाने घात केला. काही वर्षांपूर्वी मावशीने थोरलीला अग्रभागी घेऊन एक कापड केलं. चेहरा हुबेहूब साधला, पण मेण पसरलं आणि कंबर झाली दुप्पट. नृत्यशाळेच्या भिंतीवर ते लागलं, लोकांनी ओळखलं आणि पोट धरून हसले. थोरलीने डोक्यात राख घालून घेतली. ‘मुद्दाम केलं’ हे तिचं एकच पालुपद. त्या दिवसापासून वरच्या मजल्यावरची थोरली आणि खालची धाकटी यांच्यात अवाक्षर नाही. मावशीचा नवरा दोघींचा पोस्टमन झाला. ‘वर सांगा, पाणी आलंय.’ ‘खाली सांगा, कळलं.’

यंदा नृत्यशाळेच्या बाईंना ते जुनं कापड उतरवून नवं लावायचं होतं. मावशीला वाटलं, थोरलीला पुन्हा नीट काढून झालं ते निस्तरायची हीच वेळ. उसनं अवसान आणून ती जिना चढली. थोरलीने बराच वेळ भाजी निवडत तिला उभी ठेवली. मग म्हणाली, “गुडघे गेलेत माझे. एकदाच नाचून दाखवीन. आणि या वेळी शोभा केलीस ना, तर मेले तरी तोंड बघणार नाही तुझं.”

अंगणात ती नाचली. गुडघे कुरकुरले, पण मान वळवून हसली ती अगदी पूर्वीसारखी. मावशीने ते हसू पेन्सिलीने भराभर टिपून घेतलं.

दोनच रंगांचं कापड होतं. आधी सगळं गव्हाळ रंगात बुडवलं. मग नाचणाऱ्या बायका मेणाने झाकायच्या आणि मागची जागा गडद निळी करायची. नाक-डोळ्यांच्या रेघा तेवढ्या मोकळ्या सोडत मावशीने एकेक बाई झाकली. थोरलीचे हात झाले, घागरा झाला, डोक्याभोवतीची रेघ झाली, कंबर तर श्वास रोखून झाली. चेहरा तेवढा मागे ठेवला. सर्वांत नाजूक काम ते, हात पुरता बसला की निवांत करू म्हणून. पण तो चेहरा तिने मनात इतक्यांदा केला होता, की हाताला तो झाल्यासारखाच वाटला.

तिने कापड निळ्यात बुडवलं. बाहेर काढलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. सगळ्या बायका गव्हाळ चेहऱ्याने हसत होत्या आणि अग्रभागी थोरलीच्या खांद्यांवर नुसता निळा गोळा.

नवऱ्याने मागून डोकावून पाहिलं. “एवढं काय? पाठमोरी आहे म्हणून सांग. केस म्हणून खपून जाईल. बाई तर वा वा करतील.”

खपलंही असतं. मावशीला क्षणभर मोह झाला, कशाला खोटं बोला. पण बाईंना फसवून तिला करायचं काय होतं? तिला थोरली हवी होती. ते ओलं कापड तसंच हातावर घेऊन ती वर गेली. जिन्यावर निळे थेंब पडत राहिले.

थोरली बघतच राहिली. “हे मुद्दाम?”

“नाही हो जाऊबाई.” मावशीला रडू कोसळलं. “तुमचा चेहरा सगळ्यांत चांगला व्हावा म्हणून शेवटाला ठेवला. आणि राहिला तो राहिलाच. हात दाखवून अवलक्षण झालं माझं. बोला, काय बोलायचं ते बोला, पण बोला.”

थोरलीने कापडाचं एक टोक उचललं. आपल्या निळ्या तोंडावरून बोट फिरवलं. बोटाला रंग लागला, तो तिने पदराला पुसला. मग गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, भिंतीच्या आधाराने ती उभी राहिली.

“दुसरं कापड आहे?”

“आहे.”

“मग चल अंगणात. आणि हे बघ, आधी माझं तोंड कर. बाकीच्यांची राहिली तर राहू देत.”