चावणारे पाणी

यवतच्या थांब्यावर उतरलो तेव्हा डांबर पायाखाली मऊ झाले होते. पुण्याच्या रुग्णालयातून वडगाव रासाईला परतताना वाटेत माझ्या माहेरी टेकायचे, हा आमचा नेम. सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, आतड्यातला कर्करोग यकृतात उतरला होता. जुन्या औषधाला नव्याची जोड दिल्यावर काय होते, हे पाहणाऱ्या अभ्यासात त्यांना घेतले होते. त्या दिवशी ती जोडऔषधाची सलाईन दुसऱ्यांदा चढवून आम्ही निघालो होतो.

आईने माठातले पाणी पुढे केले. तांब्याला बाहेरून घाम फुटलेला, पाण्याला वाळ्याचा वास. आबांनी हात नेला, आणि निखाऱ्याला लागावा तसा मागे घेतला.

"तहान न्हाई."

"ह्या उन्हात?" माझे वडील हसले. "पाव्हणं, पुन्याचं पानी पिऊन आमचं कडू लागाय लागलं व्हय?"

सोयऱ्याघरचे पाणी नाकारणे म्हणजे काय, हे आबांना ठाऊक होते. तरी त्यांनी तांब्याला हात लावला नाही.

पुढच्या एसटीत मी विचारले. बाहेरच्या बाभळींकडे पाहतच ते बोलले.

"गार पानी चावतं, पोरी. बोटास्नी मुंग्या डसत्यात, घशात कुसळ उभं ऱ्हातं. डाक्टरला बोलू नगं. औषध बंद करतील."

चावणारे पाणी! भीतीच्या आधी माझे कुतूहल जागे झाले. "लोखंडही चावतं? आणि लाकूड?"

"बघाया पायजे," आबा म्हणाले.

घरी येताच त्यांनी पितळी कडीला, कुदळीच्या दांड्याला, रांजणाच्या पोटाला बोट लावून पाहिले. काही दिवसांत मुंग्या ओसरल्या. पण जमलेले ज्ञान त्यांना पोटात ठेववेना. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी "काही त्रास?" विचारले. मी फरशीकडे पाहिले.

"पितळ लई चावतं," आबाच म्हणाले. "माती कमी. लाकूड न्हाईच. आता काढा मला, काढायचं तर."

डॉक्टरांनी सारे विचारून लिहून घेतले. औषध थांबले नाही. मात्रा थोडी उतरवली, थेंब सावकाश सोडले, गार टाळायला सांगितले.

"बाकीच्यास्नी बी असंच व्हतं?"

"तेच तर बघतोय, आबा."

त्या संध्याकाळी यवतला आईने कोमट पाणी दिले. सोबत म्हणून वडिलांनीही घेतले आणि तोंड वाकडे केले. "ह्यापरीस चा बरा."

आबांनी तांब्या रिकामा केला. मग हळूच त्याचा निवलेला काठ गालाला लावून पाहिला.

"गाल ऱ्हायला व्हता," ते म्हणाले.