हातभर कमी पडलेलं धुराडं

आमच्या स्वैपाकघराला एकच खिडकी आहे. ती उघडली की हातभरावर शेजाऱ्यांची भिंत. धूर तिथवर जातो आणि परत आत येतो. लग्न होऊन नाशकात आले तेव्हा पहिले काही महिने मी सारखी डोळे पुशीत असे. सासूबाई शेजारणीला सांगत, "सूनबाईला माहेरची फार आठवण येते हो." मी ते तसंच राहू दिलं. धुराने पाणी येतं म्हणायचं म्हणजे घराला नावं ठेवल्यासारखं झालं असतं.

मुलगी दोन वर्षांची झाली आणि तिची छाती वाजू लागली. पेठकडच्या बाया मोळ्या घेऊन दारावर येतात, पण पावसाळ्यात ते लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं. मी फुंकणी घेऊन बसायची आणि ती माझा पदर धरून शेजारी. माजघरात नेऊन ठेवली तरी परत यायची. मग श्वास घेताना तिच्या गळ्याखाली खळगा पडे. वैद्यांनी काढा दिला आणि माझ्या यजमानांना सांगितलं, "पोरीला धुरातून काढा. नाही जमलं तर आजोळी ठेवा. काढ्याने काही व्हायचं नाही."

आजोळ म्हणजे चांदवड. माझ्या आईची चूल मागच्या पडवीत आहे, तीन बाजूंनी मोकळी. तिथे मुलगी बरी राहील हे मलाही कळत होतं. पण ती माझ्यापासून जाईल ही धास्ती त्या दिवसापासून माझ्या मनात बसली.

यांनी देवळालीला एका साहेबाच्या बंगल्यात चुलीवर पत्र्याचं धुराडं पाहिलं होतं. तसं करून घेऊ म्हणाले. सासूबाई हसल्या. "आता स्वैपाकघराची आगगाडी करतोस का?" पण नात त्यांचीही होती. त्यांनी नाही म्हटलं नाही.

पत्र्याची कामं करणारे एक म्हातारे मुसलमान चाचा होते. घासलेटच्या डब्यांचा पत्रा सरळ करून ते चाळण्या, कंदील करीत. पुढचा पावसाळा तोंडावर आला, तेव्हा एका सकाळी ते ओटीवर येऊन बसले. हे कचेरीत गेलेले. चाचा म्हणाले, "आईसाहेब, एकडाव चूल बघू द्या. बघितल्याशिवाय माप कसं कळेल?"

सासूबाई सोवळ्यात होत्या, आणि आमचे देव स्वैपाकघरातच आहेत. त्या माजघराच्या दारातून म्हणाल्या, "आत कसे येणार तुम्ही, मियाँ? काय हवं ते तिथून सांगा."

चाचांना वाईट वाटलंसं दिसलं नाही. सवयीचं असावं. "मग दोरा घेऊन माप द्या. चुलीपासून थेट कौलांपर्यंत."

सासूबाईंनी मला गोधडीचा दोरा दिला. मी दोन पाट एकावर एक ठेवून चढले. माझा हात तुळईपर्यंत पोचला. तुळईच्या वर कौलांपर्यंत अजून हातभर अंतर होतं, ते मला चांगलं दिसत होतं. तेवढ्यात पाट डुगडुगले. मी तुळईपाशी गाठ मारली आणि खाली उतरले. वरचं हातभर तोंडी सांगू, असं मनात धरून.

सासूबाईंनी दोरा ओटीवर टाकला. चाचांनी तो ताणून पाहिला. "हा कौलांपर्यंतचा आहे ना?"

"मग काय तर," सासूबाई म्हणाल्या.

मी दाराआड उभी होते. परक्या पुरुषासमोर मी तोवर कधी बोलले नव्हते, आणि सासूबाईंचं बोलणं खोडून तर मुळीच नाही. एवढंच म्हणायचं होतं, की हातभर जास्त धरा. ओठांवर आलं होतं. चाचांनी दोरा गुंडाळून खिशात घातला, काठी घेतली आणि गेले. संध्याकाळी यांना सांगू म्हटलं, तर यांच्याबरोबर कुणी पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी वाटलं, कारागीर माणूस, थोडं जास्त ठेवीलच. आठ दिवस मी असंच मनाला समजावीत राहिले.

धुराडं आलं. चाचांना आत यायचं नाही, म्हणून यांनीच ते बसवलं. आधी दोन कौलं काढून भोक केलं, मग पाहिलं तर धुराडं त्या भोकापर्यंत पोचेना. तरी चूल पेटवली. धूर नळीतून वर गेला, कौलांखाली पसरला आणि माजघरात उतरला. पूर्वी धूर निदान स्वैपाकघरात तरी राही. आता मुलगी निजायची तिथेही येऊ लागला.

"पत्रा खाल्ला मियाँनी," हे संतापून म्हणाले आणि तसंच चाचांना बाजारात बोलूनही आले.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. त्यांनी ओटीवरूनच दोरा आत टाकला. "लावून बघा, साहेब."

यांनी दोरा धुराड्याला लावला. गाठ बरोबर टोकाशी आली.

सासूबाई देवाचं तबक घासायला बसल्या. यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. चाचा म्हणाले, "हातभर तुकडा जोडून देतो. मला फक्त वर चढू द्या." पण कौलांवर जायचं तर शिडी आतून, देवांवरून लावावी लागली असती. त्यांना बाजारात तसं बोलल्यावर त्यांच्याकडून पुन्हा काम करून घ्यायला हेही ओशाळले असावेत. "बघू पुढे," एवढंच म्हणाले. चाचा "बरं" म्हणून गेले. मी तेव्हाही दाराआडच होते.

चार दिवसांत पाऊस लागला. भोकातून पाणी थेट चुलीवर पडू लागलं, म्हणून यांनी कौलं पुन्हा बसवली. श्रावणात मुलीला इतकी धाप लागली की तिला रडताही येईना. माझा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. दिवाळीपर्यंत, असं ठरलं होतं.

त्याला आता चार वर्षं होतील. तिकडे ती धावते, झाडावर चढते, छाती वाजत नाही. माझ्या आईला ती आई म्हणते. मला नावाने हाक मारीत होती, ती सवय भावजयीने मोडली. आता काहीच म्हणत नाही.

धुराडं अजून तसंच उभं आहे. आठवड्याला मी त्याची काजळी पुसते. सासूबाईंना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्या विचारतात, "चूल पेटली का गं?" मी पेटली म्हणते.

गेल्या संक्रांतीला मुलगी दोन दिवस आली होती. मी भाकरी करीत होते, ती उंबऱ्याशी आली आणि नाकाला फ्रॉक लावून उभी राहिली. आत येऊ का, असं तिच्या तोंडावर होतं. निदान मला तसं वाटलं. "तिथेच थांब," मी म्हणाले, "आत धूर आहे." ती लगेच ओटीवर गेली.