तीस ठोक्यांची तबकडी

नोकरीत हाताळलेले खून आणि दरोडे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला मुद्देमाल कुठल्या गुन्ह्यातला, हे सांगताना माझा गोंधळ होतो. सोलापुरातलं घड्याळाचं प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. शेवटी पाहिलं तर चोरीही नव्हती. एका निरपराध माणसाला चपराक मात्र बसली होती आणि ती मी मारली होती. नावं कुणाचीच देत नाही.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी फौजदार होतो. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बायको मुलांना घेऊन माढ्याला राहिली होती. पोलीस लाइनीत माझी एक खोली होती. डबा खानावळीतून यायचा. ठाण्यात दिवसभर माणसांचा राबता असायचा, पण त्यातलं कुणी माझ्याशी बोलायला आलेलं नसायचं. ते फौजदाराशी बोलायला यायचे.

एका दुपारी हवालदार हसू दाबत आत आला.

"साहेब, एक म्हातारं आलंय. घड्याळ चोरीला गेलं म्हनतंय आणि घड्याळ हातात हाय की त्याच्या."

मी त्यांना आत बोलावलं. सत्तरीकडे झुकलेले, धुतलेला पण इस्त्री नसलेला सदरा. एका कापड गिरणीच्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं डॉक्टरकी केली होती. मनगटावर सोन्याचं स्विस घड्याळ होतं. पोटात दोन लहान चक्रं, कडेला दोन बटणं. ज्याला क्रोनोग्राफ म्हणतात तसलं. असं घड्याळ त्या वेळी गिरणीमालकांच्या हातातच दिसायचं, आणि डॉक्टरांना ते एका मालकानंच दिलं होतं. मालकाच्या मुलाला विषमज्वरातून त्यांनी वाचवलं होतं.

"घड्याळ माझंच आहे," ते म्हणाले. "आतली तबकडी माझी नाही. दुरुस्तीला टाकलं, परत आलं ते हे तोंड घेऊन."

साठी बुद्धी नाठी, असं मनात म्हणून मी अदखलपात्र नोंद करायला सांगितली आणि त्यांना वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता ते पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. आवाज चढवायचे नाहीत, बाकावर बसायचे आणि तपास कुठवर आला एवढंच विचारायचे. आठव्या दिवशी मीच कंटाळून त्यांच्या घरी गेलो.

गिरणीच्या चाळीमागे दोन खोल्या होत्या. त्यांनी चहा केला. मला कपात दिला आणि स्वतः औषध मोजायच्या काचेच्या पेल्यातून प्यायले. घरात दुसरा कप नव्हता. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

घड्याळ मी पहिल्यांदा नीट पाहिलं. सोन्याच्या कडा झिजलेल्या, बटणांची टोकं गुळगुळीत झालेली, आणि तबकडी कोरी करकरीत. म्हाताऱ्याच्या तोंडात पोराचे दात असावेत तसं ते दिसत होतं. माणूस भ्रमिष्ट नाही, हे मला तिथंच कळलं.

"जुन्या तबकडीवर काय होतं?" मी विचारलं.

"कडेला लाल आकडे होते. नाडीचे. हे वरचं बटण दाबलं की मोठा काटा सुटतो. रुग्णाचे तीस ठोके मोजायचे, पुन्हा बटण दाबायचं. काटा जिथं थांबेल तो लाल आकडा म्हणजे मिनिटाचा वेग. गुणाकार नको, भागाकार नको. डॉक्टरांसाठीच काढलेलं घड्याळ होतं ते." मग तबकडीवर बोट ठेवून म्हणाले, "आता इथं गाडीचा वेग मोजायचे आकडे आहेत. माझ्याकडे सायकल आहे, फौजदारसाहेब."

बायकोला हृदयाचा विकार होता. शेवटची दोन वर्षं संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की ते तिच्याजवळ बसून नाडी मोजायचे. ती गेल्यावरही भोंगा झाला की ते त्याच खुर्चीत बसत. आता स्वतःची मोजत.

"म्हणजे मोजत होतो," ते म्हणाले. "दिवसातलं तेवढंच एक काम उरलं होतं मला. ते परत मिळवून द्या."

आजवर अनेकांनी माझ्याकडे सोनंनाणं परत मागितलं. असं मागणं कुणी केलं नव्हतं, आणि खरं सांगतो, त्या दोन खोल्यांतून बाहेर पडल्यावर मला खानावळीचा डबा उघडवेना.

घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं मंगळवार पेठेतल्या एका बोळातल्या कारागिराकडे. पन्नाशीचा माणूस, कपाळावर विभूती, घरात कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी. बापाच्या वेळेपासूनचं दुकान. कुठलंही घड्याळ तिथं चालू होतं, अशी पेठेत ख्याती. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "डायल त्यांचंच हाय की. धुऊन काढलं म्हनून नवं दिसतंय."

आकडे धुतल्यावर बदलत नाहीत, एवढं पोलिसालाही कळतं. मी पाळत ठेवली. चार दिवसांत खबर आली. टपाल कचेरीसमोरच्या पानवाल्यानं हवालदाराला सांगितलं, "त्यो घड्याळवाला गेल्या म्हैन्यात रजिस्टर डबी घिऊन आला हुता. मुंबैचा पत्ता. चारदा वाचून बगितला आणि मागं वळून वळून बगत हुता."

टपाल कचेरीचं रजिस्टर पाहिलं. विमा उतरवलेली डबी, याच्याच नावानं, मुंबईला. माझ्या डोक्यात गणित सुटलं. जुन्या मौल्यवान घड्याळाचा ऐवज मुंबईला विकला आणि स्वस्तातली तबकडी बसवून म्हाताऱ्याला फसवलं. मी त्याला ठाण्यात आणून बसवलं.

चौकशीची एक रीत असते. आधी त्याला खोटं बोलू द्यायचं, मग कागद पुढं टाकायचा. मी विचारलं, "मुंबईला काही पाठवलंस?"

"इल्ला साहेब. न्हाय. दुकान सोडून घड्याळ कुटंच गेलं न्हाय."

मी रजिस्टरचा उतारा पुढं सरकवला. त्याचा चेहरा उतरला.

"कुणाला विकलंस?"

गप्प.

"किती दिवस चाललाय हा धंदा?"

गप्प. तेव्हा मी ती चपराक मारली. त्यानं गालाला हातही लावला नाही. नुसता स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. चोर मार खाल्ल्यावर एक तर रडतो नाही तर भांडतो. हा दोन्ही करत नव्हता, आणि हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही. कुणाला विकलंस, एवढाच प्रश्न मी संध्याकाळपर्यंत उलटसुलट करून विचारत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको डबा घेऊन आली. डबा हवालदाराकडे दिला आणि माझ्या टेबलाशी येऊन कनवटीला खोचलेला कागद काढून ठेवला.

"साहेब, मी दिलं म्हनून त्यानला सांगू नगा. जीव देतील, पन ह्ये सांगायचे न्हाईत."

ती पावती होती. मुंबईत त्या स्विस कंपनीचा माल विकणारे एजंट होते, त्यांच्या दुरुस्ती खात्याची. खाली लिहिलं होतं: यंत्राची साफसफाई, तबकडी खराब झाल्यामुळे बदलली, काटे बदलले.

"मग त्यानं लपवलं कशाला?" मी विचारलं.

"त्यानला तसलं घड्याळ येत न्हाय, साहेब. दोन बटनांचं. कवाच उघडलं न्हाय. सासरेबी उघडत नव्हते. पन पेठेत समद्यांना वाटतंय, त्यानला समदं येतंय."

मी त्याला आत बोलावलं, समोर खुर्ची दिली. बायकोचं नाव घेतलं नाही. मुंबईहून कळलं, एवढंच म्हणालो. खाली मान घालूनच तो बोलायला लागला.

"डॉक्टरसाहेब वडलांच्या येळेपासनं येत्यात. घड्याळ हातात दिऊन म्हनाले, तुझ्याबिगर दुसऱ्याला हात लावू देनार न्हाय. मग कसं सांगू, मला येत न्हाय म्हनून? गुपचूप मुंबैला धाडलं. परत आलं तर डायल दुसरंच. म्हनलं, नवं बगून खूश हुतील. ते खूश झाले न्हाईत. आदी एकदा खोटं बोललो, मग बोलतच गेलो."

मी सहज विचारलं, नाडीचंच डायल का नाही बसवलं त्यांनी? तेव्हा त्या माणसात जीव आला. जुने कॅटलॉग तो लहानपणापासून जमवत होता. हाताला न आलेली विद्या त्यानं डोळ्यांनी घेतली होती.

"आता ते डायल निगतच न्हाय की, साहेब. पैल्यांदा ह्या घड्याळाला एकच बटन असायचं. सुरू, बंद, शून्यावर, समदं त्याच बटनानं. मग दोन बटनं आली. तवा डायलवर ज्याचं त्याचं काम लिवलेलं असायचं. डॉक्टरला नाडीचे आकडे. फौजेतल्याला वेगळे, तोफेचा उजेड दिसला की बटन दाबायचं, आवाज आला की बंद करायचं, तोफ किती लांब हाय ते काटा दावायचा. आकडे लई बारीक, काटे सुईवानी. मग गाड्यांच्या शर्यती आल्या. दोनाची तीन चक्रं झाली, काटे जाड झाले, अंधारात चमकायला लागले. येगाचे आकडे डायलवरनं उचलून भाइरच्या कड्यावर नेले. आता तर चावीबी द्यावी लागत न्हाय, हात हलला की चालतंय. नाडीचं कोन घेतंय? डॉक्टरबी आता नुसतं फॅशनला घालत्यात. मुंबैवाल्यांकडं परदेशातनं जो माल आला त्यातलं बसंल ते डायल त्यांनी बसवलं. त्यांच्या हिशेबानं त्यांनी चांगलंच केलं."

त्या दिवशी मी जे ऐकलं ते कुठल्याही प्रशिक्षण शाळेत कुणी सांगितलं नसतं. एकेका माणसाच्या कामासाठी केलेली वस्तू हळूहळू कुणाच्याच कामाची राहत नाही, नुसती देखणी होत जाते.

मी मुंबईला ट्रंक कॉल लावला. जुनी तबकडी परत मिळेल का, विचारलं. पलीकडचा गृहस्थ सभ्य होता. काढलेले भाग महिनाअखेरीला मोडीत काढतात, असं त्यानं सांगितलं.

कारागिराला सोडून दिलं. जाताना मी त्याची माफी मागायला हवी होती. फौजदारानं माफी मागायची पद्धत नव्हती, म्हणून मी जीपनं घरी सोडतो म्हणालो. तो नको म्हणाला आणि चालत गेला. पुढं दोन-तीन महिने त्याच्या दुकानात माणूस फिरकत नव्हतं, हे मी येता-जाता पाहत होतो. ठाण्यात बसवलेला माणूस सुटला तरी पेठ त्याला लवकर सोडत नाही.

या तपासातून मी एक गोष्ट शिकलो आणि पुढच्या नोकरीत ती पाळली. खोटं बोलणारा प्रत्येक जण चोर नसतो. काही नुसते लाजलेले असतात, आणि लाजलेला माणूस चोरापेक्षा जास्त मार सोसतो. कुणाला विकलंस, हे मी त्याला दिवसभर विचारलं. तुला हे काम येतं का, हे एकदाही विचारलं नाही.

डॉक्टरांना सांगायला त्याच संध्याकाळी गेलो. सगळी हकिगत त्यांनी मध्ये न बोलता ऐकली. पहिला प्रश्न त्यांनी कारागिराबद्दल विचारला.

"मारलंत का त्याला?"

"एकदा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. तक्रार मागे घेतल्याचा जबाब लिहून सही केली. मग तबकडी मोडीत गेल्याचं मी सांगितलं. ते उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. सांत्वन करणं हे माझं कधीच काम नव्हतं. मी टोपी हातात घेऊन बसून राहिलो. एवढ्यात गिरणीचा भोंगा झाला.

ते वळले, माझ्यासमोर येऊन बसले आणि माझं मनगट हातात घेतलं. बटण दाबलं नाही. छोट्या चक्रातल्या सेकंदकाट्याकडे बघत मोजायला लागले. त्यांची बोटं कोरडी आणि गरम होती. माझा हात असा कुणी धरला त्याला किती महिने झाले होते, ते मला आठवेना.

"शहात्तर," ते म्हणाले. "आता पुरतं मिनिट लागतं. त्या तबकडीवर काम वीस-बावीस सेकंदांत व्हायचं. तीस ठोके झाले की मी तिचा हात खाली ठेवायचो आणि आकडा वहीत लिहायला उठायचो. दोन वर्षं, रोज. हात अजून थोडा वेळ धरा, असं ती कधी बोलली नाही. मलाही सुचलं नाही."

बाहेर हवालदारानं जीप सुरू केली होती. डॉक्टरांचं मोजून झालं होतं, पण हात त्यांनी सोडला नव्हता. मीही तो मागे घेतला नाही.