पॅसेंजरने गेटवर उतरावे

डार्ला आणि मर्व क्नेप यांच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. त्यातली शेवटची अकरा वर्षं दोघं रात्रंदिवस एकमेकांपासून सहा फुटांच्या आत आहेत, आणि या अकरा वर्षांत दोघं एका वेळी जागी अशी फारशी कुणाला सापडलेली नाहीत. संसार टिकायला याहून चांगली व्यवस्था मला तरी माहीत नाही. डार्ला म्हणते, ही युक्ती मर्वला आधी सुचली असती तर तो लग्नाच्या जेवणातच झोपला असता.

त्यांची गाडी म्हणजे उंच छपराची पांढरी व्हॅन. पुढे दोन सीटा, त्यांच्यामागे फळीचा अरुंद पलंग आणि त्याच्यामागे माल. सहा तास एकाने चालवायचं, दुसऱ्याने झोपायचं, मग अदलाबदल. व्हॅन थांबत नाही, कारण माल घाईचा असतो. कुठल्यातरी कारखान्यात मूठभर वस्तू संपते, त्यावाचून उद्या सगळा कारखाना बंद पडणार असतो, म्हणून ते ओहायोत आमच्या ऑफिसला फोन करतात आणि मी क्नेपांना करते. एकदा टेनेसीहून विस्कॉन्सिनला त्यांनी फक्त एक पाकीट नेलं. मर्वने ते शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला होता.

भांडणंसुद्धा सहा-सहा तासांची. टेक्सासात मर्व काहीतरी बोलून झोपतो, आर्कान्सात तो उठला की डार्ला उत्तर देऊन झोपते. मिसुरी येईपर्यंत मूळ मुद्दा काय होता ते दोघांनाही आठवत नाही, पण आपलं बरोबर होतं एवढं पक्कं लक्षात असतं.

व्हॅनमध्ये कायदा एकच. झोपलेल्याला उठवायचं नाही. आग, रक्त किंवा पोलीस, यांपैकी काही असेल तरच. दुसऱ्या वर्षी डार्लाने लोणच्याची बरणी कुठे ठेवलीस एवढं विचारायला मर्वला उठवलं होतं. पुढे त्याची पाळी आली तेव्हा अर्धवट झोपेत त्याने व्हॅन सोयाबीनच्या शेतात घातली. बरणी सीटखाली होती. तेव्हापासून पाळी संपली की फक्त इंजिन बंद करायचं. चालत्या इंजिनात हा माणूस बँडच्या मधोमध झोपेल, पण इंजिन थांबलं की ताडकन उठून बसतो.

आता ट्रेव्हरबद्दल. ट्रेव्हर हा आमचा नवा साहेब. चाकं असलेल्या वस्तूंपैकी आपली खुर्ची तेवढी त्याने चालवलेली. आल्या आल्या त्याने नियम काढला: कारखान्याच्या गेटवरच्या फॉर्मात ज्याचं नाव पॅसेंजर म्हणून येईल, तो ड्रायव्हर धरायचा नाही. असे तीन फॉर्म आले की ती जोडी मोडली. लांबचा माल जोडीलाच मिळतो. जोडी मोडली की मर्वला एकट्याला जवळच्या फेऱ्या, आणि डार्ला घरी.

"घरी," डार्ला मला फोनवर म्हणाली. दुसरं कुणी 'तुरुंगात' म्हणेल तसं म्हणाली.

गंमत अशी, की व्हॅनमध्ये बाप्या आणि बाई दिसले की गेटवाला न विचारता बाप्याला ड्रायव्हर लिहितो. तिचे दोन फॉर्म असेच आले होते. दुसऱ्या वेळी तर ती स्टिअरिंग धरून बसली होती आणि मर्व मागे घोरत होता. तिसरा फॉर्म कधीही येऊ शकत होता.

पण डार्ला जन्मली ओहायोतल्या डिफायन्स गावात. गावाचं नावच मुळी 'नाही ऐकत जा'.

तर मंगळवारी टेक्सासातल्या लारेडोहून निघालेला खोका घेऊन ती बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी इंडियानातल्या एका कारखान्याच्या गेटवर पोचली. तिथे मोटारींच्या सीटा बनवतात. खोक्यात प्लास्टिकच्या क्लिपा होत्या आणि आतल्या क्लिपा दोन वाजता संपणार होत्या. मी मिनिटामिनिटाला विचारत होते, म्हणून फोन तिने डॅशबोर्डवर चालूच ठेवला होता.

"मॅडम, ड्रायव्हर कुठाय?" गेटवाल्याने विचारलं.

"हळू बोला," डार्ला कुजबुजली. "मी ड्रायव्हर. मागचा झोपलाय."

"मग मागचा कोण?" तोही कुजबुजला. माणूस भला होता. वेंडेल असं छातीवर लिहिलंय, हे तिने मला नंतर सांगितलं.

"तोही ड्रायव्हर."

"एका गाडीला एकच ड्रायव्हर, मॅडम. दुसरा तो पॅसेंजर. आणि पॅसेंजरने गेटवर उतरावे, असा नवा नियम आहे. हा बघा बोर्ड."

"झोपलेला माणूस उतरेल कसा?"

"उठवा की."

"आग लागलीय का कुठे?"

"नाही."

"मग नाही उठवत."

वेंडेलने जरा विचार केला. "मग असं करा. वर ड्रायव्हरच्या ओळीत त्यांचं नाव लिहा, खाली तुमचं. तुम्ही त्या शेडमध्ये बसा. कॉफी आहे तिथे."

"म्हणजे झोपलेला गाडी आत नेणार आणि चालवणारी कॉफी पिणार?"

"कागदावर फक्त."

"वेंडेल, कागदावरच तर मेले मी दोनदा."

पलीकडे वेंडेल फडफड कागद उलटायला लागला. एक वीस झाले होते. मी फोनमध्ये म्हणाले, "डार्ला, ऐक ना. मर्वला उठव. एकदाच. आणि त्याचं नाव खाली लिही."

"आणि तिसरा फॉर्म त्याच्या नावाने येऊ दे? जोडी मोडायला दोघांपैकी कुणाचंही नाव चालतं गं. ट्रेव्हर काही बाई-बाप्या बघत नाही, तेवढा एकच गुण आहे त्याच्यात."

तेही खरंच होतं. खालच्या ओळीत कोणीही गेलं तरी जोडी जाणार.

एक पंचवीसला तिने काय केलं, तर व्हॅन वळवून गेटच्या कडेला, कुणाची वाट न अडवता लावली. इंजिन चालूच. मला म्हणाली, "आत फोन कर. म्हणावं, क्लिपा पोचल्यात, गेटवर उभ्या आहेत. ज्याला हव्यात त्याने यावं."

मी केला. सात मिनिटांत फोर्कलिफ्ट पीं पीं करत गेटवर आली आणि तिच्यामागे धापा टाकत आतला सुपरवायझर. डार्लाने मागचं दार उघडलं. पलंगावरून मर्वचे पाय दिसत होते. वेंडेलने ओठांवर बोट ठेवलं आणि सुपरवायझर चवड्यांवर चालायला लागला. फोर्कलिफ्टला मात्र कुणी समजावू शकलं नाही. मर्वने पाय आत ओढून घेतले, एवढंच.

खोका उतरला. पोच लिहिताना सुपरवायझरने विचारलं, "ड्रायव्हरचं नाव?"

"डार्ला क्नेप. शेवटी पी येतो."

त्याने मुकाट्याने लिहून दिलं. त्याला क्लिपांपुढे कशाचीच पर्वा नव्हती.

"पण माझा फॉर्म राहिला," वेंडेल कुजबुजला. "कोराच लावला तर मला बोलणी बसतील."

"आणा इकडे," डार्ला म्हणाली.

तो फॉर्म पुढे माझ्याच टेबलावर आला, म्हणून शब्दाला शब्द सांगते. ड्रायव्हरच्या ओळीत, ओळ पुरत नसताना, दोन नावं दाटीवाटीने: डार्ला क्नेप, मर्व क्नेप. पॅसेंजरच्या ओळीत: खोका, एक, टेक्सासहून. आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात: 'नियमाप्रमाणे गेटवर उतरला.'

वेंडेलने ते दोनदा वाचलं. बोर्डाकडे पाहिलं. मग खाली सही ठोकली.

दोनला दहा कमी असताना डार्लाची पाळी संपली. तिने इंजिन बंद केलं. मर्व ताडकन उठून बसला, डोळे चोळत पुढे आला आणि ती बूट काढून पलंगावर गेली.

वेंडेलने खिडकीशी येऊन विचारलं, "मग तुम्हीसुद्धा ड्रायव्हर?"

"मी?" मर्व म्हणाला. "आत्ता झालो. तिची पाळी संपली का?"

ट्रेव्हरने फॉर्म बराच वेळ उलटसुलट केला. "याच्यात पॅसेंजर खोका आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "मग त्याला काढून टाकायचं का जोडीतून?"

 ट्रेव्हर खुर्ची चालवत आपल्या खोलीत गेला. मी क्नेपांना केंटकीचा माल लावून दिला. फोन मर्वने उचलला, आणि कुजबुजतच बोलला.