लिव्हरच्या पेशी आणि आमची मंडळी

तीन माणसं एका खोलीत वर्षानुवर्षं काम करायला लागली, की संशोधनापेक्षा किस्सेच जास्त जमतात. आमच्या लॅबचं तसंच झालं. प्रमुख देशमुख मॅडम, माझा मित्र सलीम आणि मी.

काम असं : डिशमध्ये लिव्हरच्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर सूज आणणारं रसायन टाकायचं. पेशी पटापट मरायच्या. पण आधी इन्सुलिन दिलं, तर बऱ्याच तगायच्या. त्या कशा तगतात, ते आम्ही शोधत होतो.

सलीमनं हे घरी समजावलं. अम्मीनं कपाळाला हात लावला, "कलेजीच पकानी थी, तो इत्ता कायको पढ़ा रे?"

*

एकदा सलीम नाचतच आला. "मॅडम, इन्सुलिनवाल्या सगळ्या पेशी जिवंत!"

"आणि बिनइन्सुलिनच्या?"

"त्यापण!"

मॅडमनी चष्मा काढला. "सूज आणणारं रसायन टाकलंस ना?"

सलीमनं डोकं खाजवलं. मग हळूच, "वो भी डालना था क्या?"

*

दुष्काळाचं वर्ष. शहर चहूकडं वाढत चाललेलं, नळ मात्र कोरडा. टँकर आला, की आम्ही प्रयोग सोडून कॅन घेऊन पळायचो. एकदा ड्रायव्हर अडून बसला, "माणसं तीन, अन् कॅन एवढे?"

मॅडम म्हणाल्या, "माणसं तीनच हो, पण आत लाखो पेशी आहेत!"

"मंग त्यांना आंघोळ घालू नका!"

*

त्याच उन्हाळ्यात देवगाव रंगारीहून मामा आले. मेंढरांमागं फिरून थकलेले. शुगर भडकलेली, लिव्हरला सूज. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं, नर्सनं मामीला टोचायला शिकवलं. पण मामा ऐकेनात. "सुई लागली म्हंजे माणूस संपला!" मामीचा जीव टांगणीला. मी दोघांना लॅबमध्ये आणलं.

मॅडमनी मायक्रोस्कोपखाली आधी आक्रसून मेलेल्या पेशी दाखवल्या, मग इन्सुलिनवाल्या, टवटवीत.

"मामा, हे डिशमधलं आहे. तुमच्या लिव्हरचंही असंच होईल, असं मी म्हणणार नाही. पण शुगर उतरायला तुम्हाला इन्सुलिन लागणारच."

मामा कितीतरी वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "म्याडम, ह्या वाचल्या. त्यान्ला ठावं व्हतं का, इन्सुलिन दिलंय म्हून?"

"नाही हो."

"मंग मलाबी सांगू नका!"

जेवणाआधीच्या सुईची वेळ झालीच होती, मामीनं पिशवीतून इन्सुलिन काढलं. मामांनी सदरा वर केला, भिंतीकडं तोंड फिरवून डोळे गच्च मिटले. "हं, टोच! ...अगं, टोच की!"

मामी डबा उघडत म्हणाली, "कवाच टोचलं. भाकर खावा आता!"