लवूच्या ऑपरेशनच्या तारखा

घाटकोपरच्या भटवाडीत आमच्या शेजारी राहणारा लवू परब बावीस वर्षं घरोघर गॅस सिलिंडर पोचवायचा. भरलेला सिलिंडर खांद्यावर टाकून चार मजले चढायचा, तेही गप्पा मारत. गेल्या जानेवारीत त्याच्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली. सरकारी रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, "हर्निया आहे. साधं ऑपरेशन. वजन उचलू नका." आणि तारीख दिली मे महिन्यातली.

वजन न उचलून कसं भागणार? लवू कमरेला पट्टा बांधून जिने चढतच राहिला.

मेमध्ये तो उपाशीपोटी जाऊन बसला. ऐन वेळी अपघाताची केस आली, ऑपरेशनचं टेबल तिला गेलं. ते त्याला पटलं. जुलैमध्ये कळलं, रक्ताचे रिपोर्ट जुने झालेत, सगळ्या तपासण्या पुन्हा करा. ऑगस्टमध्ये लवूच्या युनिटचे, म्हणजे त्याचं ऑपरेशन करणाऱ्या पथकाचे, भूल देणारे डॉक्टर रजेवर. त्याच सकाळी शेजारच्या ऑपरेशन थिएटरातला पेशंट चहा पिऊन आला म्हणून त्या पेशंटला घरी पाठवलं. ते टेबल दुपारपर्यंत रिकामं.

लवूचा तोल सुटला. "टेबल रिकामा, डाक्टर मोकळो, मी उपाशी. मग अडलां खंय?"

वॉर्डातली व्हॅलेन्सिया सिस्टर म्हणाली, "काका, ते युनिट वेगळं. त्यांची यादी वेगळी. मी काय करू, सांगा ना."

तो घरी आला तो जेवलाच नाही. बायको सुलक्षणा म्हणाली, "चिडून काय होणारे?" दुसऱ्या दिवशी एक वही घेऊन तो रुग्णालयाच्या बाकांवर तारखेची वाट बघत बसलेल्यांमध्ये फिरला. जवळपास कोण राहतं, रिपोर्ट कुणाचे ताजे आहेत, आयत्या वेळी कोण येऊ शकेल, असे एकोणीस जण फोन नंबरासकट लिहिले आणि वही सिस्टरकडे दिली. तिने मोठ्या डॉक्टरांची मनधरणी केली. आदल्या संध्याकाळी प्रत्येक पेशंटला फोन जायला लागला; कुणी येणार नसेल तर वहीतला माणूस यायचा. महिन्याभरात सात ऑपरेशनं अशी झाली. पंतनगरच्या एका बाईचे पित्ताशयाचे खडे त्यातच निघाले.

त्या वहीत लवूचा स्वतःचा नंबर यायच्या आत, ऑक्टोबरातल्या एका दुपारी, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातच तो पोट धरून खाली बसला. आतडं अडकून काळं पडलं होतं. यावेळी ना तारीख लागली, ना यादी. तासाभरात तो टेबलावर होता. वीतभर आतडं कापावं लागलं.

तो शुद्धीवर आल्यावर सिस्टर भेटायला आली. तिचे डोळे भरलेले. लवू हळूच म्हणाला, "सिस्टर, तुमच्यावर राग नाय माझो."

"मग कुणावर काका?"

"तांच तर कळत नाय. कोणाक तरी धरून विचारूचा आसा, पण धरू कोणाक?"

आता गॅस एजन्सीने त्याला गोडाऊनच्या गेटवर बसवलंय. तिथे तो दिवसभर खुर्चीत असतो, आणि कुणी दोन मिनिटं थांबायला सांगितलं तरी भडकतो.