निर्गुडीच्या काड्या आणि माझी तीन पत्रकं

कोल्हापुरात त्या काळी आजारी पडायला कुणाची परवानगी लागत नसे. फक्त आमच्या घरमालकीणबाईंच्या घरात लागत असे, आणि ती सहसा मिळत नसे. पहिली शिंक पुरती बाहेर पडायच्या आत आल्याचा तुकडा दाताखाली आलेला असे. खोकणारा माणूस दुसऱ्यांदा खोकेपर्यंत अडुळशाची पानं चुलीवर चढलेली असत. गंगावेशीजवळच्या आमच्या बोळात त्यांना सगळे आक्का म्हणत. वय पन्नाशीचं, बांधा असा की त्या तालमीच्या दारात उभ्या राहिल्या तर आतला वस्ताद उठून उभा राहावा, आणि आवाज असा की त्यांनी यजमानांना हाक मारली की पलीकडच्या बोळातली म्हैस पान्हा चोरी.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. एका छापखान्यात मुद्रितं तपासत होतो आणि उरलेल्या वेळात जग सुधारत होतो. लहानपणी वडिलांनी मला खेळणी आणली नाहीत, सभांमधून पत्रकं आणली. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे कुठंही काही खटकलं की माझा हात आधी उद्गारचिन्हाकडे जाई आणि मग मजकुराकडे. आक्कांकडे खोली मागायला गेलो तो भाषण पाठ करूनच. जात विचारली की काय सुनवायचं, हे अगदी स्वल्पविरामांसकट तयार होतं. आक्कांनी जात विचारली नाही. पगारही विचारला नाही. माझी हनुवटी धरून त्यांनी तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "जीभ दाव."

मी दाखवली.

"पांढरीफटक हाय. च्या किती पितोस?"

"सहा-सात कप."

"आन सकाळी पोट साफ हुतं का?"

पाण्याच्या घागरी घेऊन चाललेल्या तीन बायका उत्तर ऐकायला थांबल्या. समतेवरचं माझं भाषण घशातच विरघळलं. मी मान नुसतीच हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे मलाही कळलं नाही. आक्कांना मात्र कळलं. "हुईल," त्या म्हणाल्या, "जा, सामान आन."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या देहाचं राज्य आक्कांच्या ताब्यात गेलं. पहाटे रंकाळ्याच्या काठच्या गवतावर दव असेपर्यंत अनवाणी चालायचं. त्यानं डोळ्यांची उष्णता तळपायातून खाली उतरते, असं त्यांचं म्हणणं. परत येताना दुधाच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असत. तिथं पितळी पेला थेट धारेखाली धरायचा आणि फेसासकट उभ्या उभ्या रिकामा करायचा. चहा बंद. त्याऐवजी गवती चहा, आलं, तुळस आणि दोन मिरी यांचा काढा, गुळाच्या खड्याबरोबर. आणि गूळ पिवळाधमक असला तर त्याच्या रंगावर संशय घेऊन तो परत. शनिवारी टाळूवर तेल, ते मुरेपर्यंत वर्तमानपत्रसुद्धा वाचायचं नाही, कारण "डोस्कं तेल पीत असताना त्येला कामाला लावायचं न्हाय." मी एकदा विचारलं, या सगळ्याला आधार काय? आक्कांनी ओसरीवर बसलेल्या यजमानांकडे बोट दाखवलं. "ह्यो काय आधार बसलाय की!"

यजमान जकात नाक्यावर कारकून होते आणि बोलण्याच्या बाबतीत फार काटकसरी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, आणि आक्कांचं प्रत्येक औषध आधी त्यांच्यावर चालवून पाहिलेलं असे. ते जिवंत आहेत, हीच त्या औषधाची परीक्षा. थंडीत त्यांच्या कोटाच्या खिशात भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी असे. नाक्यावर गाडी थांबली की बैल मान वळवून थेट त्यांच्या खिशात नाक घालत, आणि गाडीवान म्हणत, "साहेब, बैलाचीच झडती आधी घ्या." यजमान यावर फक्त कोट झटकत. पंचवीस वर्षांत त्यांना एकदाही रजा लागली नव्हती. ती मिळाली असती तर आवडली असती, असं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला कधी कधी वाटे.

आमचं भांडण एकदाच व्हायची वेळ आली. बोळातलं एक तान्हं मूल रडत होतं आणि त्याच्या आईला मंतरलेला दोरा हवा होता. मी बाह्या सरसावून पुढं झालो, तर माझ्या आधी आक्काच कडाडल्या, "दोरा कशाला बांधतीस? पोटात वारं धरलंय त्येच्या. मंतर न्हाय लागत, हिंग लागतोय, हिंग!" आणि पाण्यात कालवलेला हिंग त्या मुलाच्या बेंबीभोवती फिरवलाही. मला तर त्यांना मिठीच मारावीशी वाटली. औषधाच्या बदल्यात त्या कधी काही घेत नसत. अट एकच: गुण आला की नाही, ते येऊन सांगायचं. "बरं वाटलं तरी सांगायचं, न्हाय वाटलं तरी सांगायचं. न्हायतर मला कसं कळणार, मी शानी हाय का खुळी?" आणि तीन दिवसांत उतार पडला नाही, तर त्या स्वतः रोग्याला टांग्यात घालून डॉक्टरकडे नेत. डॉक्टर तपासत असताना त्या शेजारी उभ्या राहून त्यांचीही जीभ पाहत.

गुण न आल्याचं सांगायला मीही एकदा गेलो. एका जाहीर सभेत मी पहिला वक्ता होतो. तोंडावर तेज यावं म्हणून आक्कांनी त्या दिवशी सकाळी मला एरंडेल पाजलं. मी "बंधू आणि भगिनींनो" म्हणालो, थांबलो, आणि "माझं म्हणणं एवढंच आहे" म्हणून मंचावरून उतरलो तो पळतच. दुसऱ्या दिवशी तीन जणांनी मला गाठून सांगितलं, इतकं नेमकं भाषण त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. मी तक्रार केली तेव्हा आक्का म्हणाल्या, "मग गुण आला की!"

पण आक्कांचा खरा जीव होता तो दाराशेजारच्या निर्गुडीत. माहेर त्यांचं गडहिंग्लजच्या पलीकडचं, आईला अव्वा म्हणणारं. लग्न होऊन निघताना अव्वानं त्यांच्या हातात दागिना दिला नव्हता. दिली होती एक वीतभर काडी, ओल्या फडक्यात गुंडाळून. ती इथं भिंतीलगत रुजली आणि छपरापर्यंत गेली. तिचा पाला गरम करून बोळातले सगळे गुडघे शेकले जात. यजमानांचे तर रोज. अव्वा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण पाला तोडताना आक्का फांदीशी हळूच कानडीत काही बोलत. एरवी बोळभर ऐकू जाणारा तो आवाज तेव्हा मला दोन हातांवर ऐकू येत नसे.

एके दिवशी नगरपालिकेचे ओव्हरसियर आले आणि त्यांनी बोळातून चुन्याची रेघ मारली. रेघ बरोबर निर्गुडीच्या बुंध्यावरून गेली. गटार येणार होतं. मी तावातावानं विचारलं, हे कुणी ठरवलं? त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. "या बोळाला गटार हवे! डास हटवा, माणसे वाचवा!" खाली माझंच नाव होतं. मागच्या साली मीच ते पत्रक छापून वाटलं होतं, आणि आक्कांनी तेव्हा शाबासकी म्हणून मला डिंकाचा लाडू दिला होता.

त्या दिवशी आक्कांनी काढा केला नाही. गटार नको, असंही त्या म्हणाल्या नाहीत. "डास तर जायाच पायजेत," एवढंच बोलल्या आणि निर्गुडीखाली जाऊन बसल्या. मी ओव्हरसियरांच्या मागं धावलो. माणूस समंजस होता. "दोन हात वळवता येईल," ते म्हणाले, "पण लोकांना झाड हवंय, हे दिसलं पाहिजे. चार दिवसांनी येतो."

लोकांना दाखवायचं म्हणजे पत्रक! आक्का म्हणाल्या, "नगं रं, फुकाट कागद घालवू नगंस." पण मी पेटलो होतो. "निर्गुडीवर कुऱ्हाड? कोल्हापूरकरांनो, जागे व्हा!" या शीर्षकाखाली मी त्या झाडाचे चौदा गुण लिहिले. गुडघे, कंबर, सूज, डोकेदुखी, काही सोडलं नाही. खाली झाडाचा पत्ता दिला आणि "हजारोंच्या संख्येने या!" असं बजावलं. पत्रकं मी कट्ट्यावर वाटली, तालमींत वाटली, एसटीच्या कंडक्टरांबरोबर कागल, जयसिंगपूर, गडहिंग्लजला धाडली.

दुसऱ्याच दिवशी लोक आले. बोळाच्या तोंडाशी गर्दी पाहून माझा ऊर भरून आला. जनता जागी झाली होती! मग माझ्या लक्षात आलं की जनतेच्या हातात पोती होती.

"पावणं, त्ये चौदा गुणांचं झाड हेच का?" एकानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तो चढला. जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्यानं साऱ्या कुटुंबाच्या कमरा मोजून पाला भरला. एक म्हातारी म्हणाली, "माजं फकस्त चारच गुणाचं काम हाय," आणि दोन फांद्या घेऊन गेली. मी दोन्ही हात पसरून झाडापुढं उभा राहिलो आणि ओरडलो, "थांबा! ही जनतेची मालमत्ता आहे!"

"मग आमी कोन हाय?" माझ्या डोक्यावरून हात घालत एक पैलवान म्हणाला. "आमीच की जनता!" आणि त्यानं मोठी फांदी मोडली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झाडाला औषधालाही पान राहिलं नाही. चौथ्या दिवशी ओव्हरसियर आले. माझं पत्रक त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी पूर्ण वाचलं होतं आणि दोन हात वळवायची तयारीही करून आले होते. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं काही उघड्या काठ्या उभ्या होत्या. "झाड कुठाय?" त्यांनी विचारलं. मग चुन्याची रेघ होती तशीच ठेवून ते निघून गेले.

मी खोलीत जाऊन चादर डोक्यावरून घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच मला छापखान्याच्या शाईचा तिटकारा आला. दार ढकलून आक्का आत आल्या, चादर ओढली. "जीभ दाव."

"आक्का, मला काही झालेलं नाही. तुमच्या अव्वाची आठवण मी—"

"दाव म्हणते न्हवं!" त्यांनी पाहिली. "लाज वाटल्याली हाय. पोट मोकळं हाय. ऊठ." आणि मग त्या हसायला लागल्या, अंग गदगदून. "आरं, मला अव्वानं पाला दिलता व्हय? काडीच दिलती की! पाला न्हेला लोकांनी, काड्या हायत न्हवं?"

गटार खणायला माणसं यायच्या आत आम्ही ते झाड कापलं. यजमानांनी रजा काढली, पंचवीस वर्षांतली पहिली, आणि ओसरीवर बसून वीतभर लांबीच्या काड्या करत राहिले. पोती घेऊन येणाऱ्यांचा ओघ चालूच होता. आता प्रत्येकाला पाल्याऐवजी एक काडी मिळू लागली, ओल्या फडक्यात गुंडाळून. तिसरं पत्रक आक्कांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. "काडीचे दोन डोळे मातीत, दोन वर. पाणी रोज, पण चिखल नको. पहिल्या साली पाला तोडू नका. लागली का नाही, ते येऊन सांगा."

आपल्यासाठी काडी ठेवायची आक्का विसरल्या. निदान त्या तसं म्हणाल्या. गटारानंतर भिंतीशी माती उरलीच नव्हती.

पुढं मी नोकरीच्या मागं पुण्याला गेलो. एकदा कामानिमित्त गडहिंग्लजला जाऊन कोल्हापूरकडे येताना आमची एसटी कागलजवळ बंद पडली. रस्त्याकडेच्या विहिरीवर पाणी प्यायला गेलो, तर बांधावर निर्गुडीची रांगच उभी होती, निळसर तुऱ्यांनी लगडलेली. शेतकऱ्याला विचारलं. "कोल्लापूरच्या एका बाईनं काडी दिलती," तो म्हणाला. "लागली का न्हाय ते येऊन सांग म्हटली हुती. रोज म्हनतो जाऊ, जाऊ. ऱ्हायलंच बघा. तुमी तिकडंच चाललासा, तर तेवढं सांगा की, लागली म्हणून."

आक्का जाऊन तेव्हा दोन पावसाळे झाले होते. मी म्हटलं, "सांगतो."

बोळात गेलो. यजमान ओसरीवरच बसले होते, कोट घालून, थंडी नसताना. त्यांच्या पायाशी बसून मी सांगितलं, कागलला लागली, एक नव्हे, रांगच्या रांग.  ते सावकाश पुढं वाकले, माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि त्यांच्या त्या क्वचितच ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाले, "जीभ दाव."